या घरातच राहू दे

१२ जानेवारी
उचगावच्या पुढे मगदूमबाईंकडे जाऊन आलो, नाना आणि मी. बाई वृद्धाश्रम म्हणत नाहीत, 'आमच्याकडे' म्हणतात. पूर्वेची खोली, खिडकीत शेवगा. नानांची उजवी बाजू गेल्यापासून ते कुठेही आधी डावीकडे काय काय आहे ते बघतात. पंख्याचं बटण डावीकडेच निघालं. चहाही पास झाला. मुख्य म्हणजे बापू भेटले. बापू चौगुले, नानांचे जुने तबलजी, दिवाळीपासून तिथे राहतात. मेंढीकोटाला त्यांना चौथा भिडू नाही.
"येतोस का न्हाय तेवढं सांग. तिघांत काय कपाळ खेळायचं?"
"येतो की. एक मार्चला."
परतताना रिक्षात नाना म्हणाले, "रत्नागिरीला कळवून टाक तू." तिथल्या कॉलेजात दोन वर्षांचं काम आहे, एप्रिलमध्ये हजर व्हायचं. सेहेचाळीस वर्षांत मी एकटी कधी राहिलेच नाही. गिरीश गेला आणि सासरे-सून अशी दोघंच उरलो. भांडलो कमी, कंटाळलो पुष्कळ. ते एकमेकांना सांगून टाकलं तेव्हापासून घरात हवा खेळते आहे.

२१ जानेवारी
मुंबईहून सारंगचा फोन. आमच्या याच पुढच्या खोलीत नानांकडे पेटी शिकला, आता मोठा संगीतकार. म्हातारपणी आजारी पडलेल्या कलावंतांसाठी निधी उभा करायचाय. नानांचे नाव झालेले सगळे विद्यार्थी मिळून एक गाणं गाणार, गायिका म्हणून गाजलेली केतकीसुद्धा. त्या रेकॉर्डिंगवर माहितीपट. "आणि शब्द तुमचे, वहिनी."
नाना दिवसभर खुशीत. संध्याकाळी म्हणाले, "उचगावचं इतक्यात बोलू नको पोरांजवळ. गाणं होऊ दे."

३० जाने.
सारंगला मुखड्यात 'घर' हवं होतं. दिलं. 'सूर माझा या घराचा, या घरातच राहू दे.' चालीत नीट बसलं. लिहिताना जराही खोटं वाटलं नाही, याचंच आता नवल वाटतंय.

९ फेब्रुवारी
घरी शूटिंग. जिनाभर चपला. शेजारच्या पाटीलकाकू भाजीची पिशवी घेऊन दारात उभ्या, केतकी जाईपर्यंत हलल्या नाहीत.
माहितीपट करणारा निनाद चांगला मुलगा आहे. पायाला हात लावून मग कॅमेरा लावतो. त्याला मी नानांना भरवताना हवी होते. म्हटलं, ते डाव्या हातानं स्वतः जेवतात. सांडतं, पण स्वतः.
"एकदाच, वहिनी. नातं दिसायला पाहिजे ना."
नानांनी आ केला. मी घास दिला. गिळून म्हणाले, "मीठ कमी हाय." सगळे हसले. निनाद हसण्याच्या आधीपर्यंतचं ठेवणार आहे.

१० फेब्रु.
स्टुडिओ. काचेपलीकडे सगळे कानाला हेडफोन लावून ओळीनं उभे, अलीकडे नाना चाकाच्या खुर्चीत. केतकीनं पहिली ओळ गायली. आम्हाला सगळ्यांना आवडली. नाना माइकवर म्हणाले, "गंधार उतरतोय गं." एवढी मोठी गायिका, तिनं जीभ चावली. "हो सर." परकर-पोलक्यात यायची तेव्हा अशीच चावायची. नानांचा चेहरा बघून वाटलं, यांना आपण कुठे पाठवायला निघालो आहोत. मग लक्षात आलं, हे सगळे उद्या परत जाणार.

१४ फेब्रु.
धीर करून निनादला फोनवर सांगितलं. नाना उचगावला राहायला जाणार आहेत, त्यांचीच इच्छा आहे.
आधी नुसतं 'बरं' म्हणाला. मग, "वहिनी, फिल्मचा शेवट तुमच्या दारावर आहे. तुम्ही दार ओढून घेता आणि आतून पेटी ऐकू येते."
"पेटी कोण वाजवतंय?"
"ती नंतर टाकू."
पाठोपाठ सारंग. "काही कमी पडतंय का? मोकळेपणानं सांगा. पहिली मदत सरांनाच." इतक्या मायेनं बोलत होता की त्याला नाही म्हणणं म्हणजे थोबाडीत मारणं. म्हटलं, तसं नाही रे. फिल्म येईपर्यंत तरी थांबा म्हणाला. नानाही थांबू म्हणाले.

३ मार्च
एक तारीख गेली. आज बटणावर वर-खाली होणारा पलंग आला, निधीतून. पुढच्या खोलीत माझं टेबल होतं तिथेच बसतो. टेबल स्वयंपाकघरात, फ्रीजला चिकटून. खुर्ची मागे सरकवली की ओट्याला लागते. हे तिथेच लिहिते आहे.
नाना दुपारभर वर-खाली. "झोपाळाच की." दिवेलागणीला बटण बाजूला ठेवलं.
उचगावच्या म.बाईंनी खोली महिनाअखेरपर्यंत धरून ठेवलीय. "त्यापुढं नाही जमणार हं ताई. दोघं थांबलेत."

१९ मार्च
फिल्म आली. कोपऱ्यावरचा भाजीवाला कोथिंबिरीचे पैसे घेईना. "तुमच्याकडनं घेऊ व्हय?" जिन्यात पाटीलकाकू त्यांच्या सुनेला म्हणाल्या, "बघ, शिक जरा." त्या पोरीनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच खाली मान घातली.
नणंदेचा सांगलीहून फोन. "रडले गं वहिनी." जानेवारीत हीच म्हणाली होती, खुशाल जा तुम्ही रत्नागिरीला. "पण आता कसं? लोकांनी ते घर बघून पैसे दिलेत."
खरंच, कसं?

२३ मार्च
भांडलो. पुष्कळ दिवसांनी, नीट.
"तुम्ही सांगा पोरांना."
"मी कसा सांगू? एवढं केलं आणि म्हातारा उठून चालला म्हणतील."
"मग मी सांगते."
"तू सांगितलंस तर सुनेनं घालवला म्हणतील."
"म्हणू देत."
"मला न्हाय चालायचं." मग माझ्याकडे न बघता, "लिहिलंस कशाला तसलं?"
मी उठून आत आले. थोड्या वेळानं पलंग वर येण्याचा आवाज झाला. "चांगलं लिहिलंस पण. तीच तर पंचाईत हाय."
इतक्यात बापूंचा फोन, तोही स्पीकरवर. "काय हिरो, सवड हाय का? तिघंच बसलोय अजून."
नाना फोन तसाच छातीवर ठेवून पडून राहिले. पलीकडे बापू "आरं हाय का गेलास" विचारत होते.

२८ मार्च
महिला मंडळाकडून माझा सत्कार. ओटी भरायची की नाही यावर कोपऱ्यात कुजबुज चालली होती, ऐकू येत होती. शेवटी शाल आणि नारळ. अध्यक्षबाई भाषणात म्हणाल्या, अशी सून घरोघरी हवी. टाळ्या. शाल गरम होत होती, काढता येईना.
नानांना माइक दिला. म्हणाले, "मी मंगळवारी उचगावला राहायला चाललोय." सभागृह हसलं. बाई म्हणाल्या, "नाना, असं रुसायचं नाही, सूनबाई रागावतील." पुन्हा हसू.
नाना माइक धरून माझ्याकडे बघत राहिले. ते खरंच बोलले होते.

३१ मार्च, मंगळवार
म.बाईंचा सकाळी फोन. संध्याकाळपर्यंत कळवा.
दुपारी नानांनी हाक मारली. सगळ्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आवाजात निरोप ठेवायचा म्हणाले. डाव्या हातानं फोन तोंडाशी धरून बोलले. सुरुवात मनासारखी होईना, आवाज बसतो म्हणून पुन्हा. पुन्हा. शेवटी झाला. मग पाठवण्याआधी मला ऐकवला.
"मी नाना बोलतोय. मी उचगावला चाललोय, बापूकडं. मला कुणी घालवत न्हाय. माणसांचा नव्हं, खोलीचा कंटाळा आलाय. पलंग ज्याला लागंल त्याला द्या. माधवीलाही रत्नागिरीला जायचंय, जाऊ दे तिला. गाणं झ्याक झालंय."
म्हटलं, माझं नाव काढा.
"का? खोटं हाय?"
"खोटं नाही."
"मग राहू दे. पाठवू?"
"तुम्हाला वाटत असेल तर."
"तुला काय वाटतं ते इचारतोय."
पाठवा म्हणावं तर मीच त्यांना घराबाहेर काढल्यासारखं. नको म्हणावं तर दोघांनाही इथे कोंडून घातल्यासारखं. किती सोपा शब्द होता. मी पलंगाची चादर सरळ करत राहिले.
"चहा टाक आधी."
टाकलाय. टेबलाशी बसून दुधाकडे बघत हे लिहिते आहे. मधलं दार लोटलेलं. आतून त्यांचाच आवाज येतोय, फोनमधला. "मी नाना बोलतोय." पाठवून झाल्यावर ऐकतायत की अजून नुसतंच ऐकतायत, ते इथून कळत नाही.