केसर आत्याचा पाच दिवसांचा कोर्स

३ फेब्रुवारी, सकाळी १०

काल मांडव्याच्या बोटीने घरी आले. लॅबच्या इंटरव्ह्यूचं उत्तर ‘कळवू’ असं आहे, म्हणजे होईलच. निकेतदादाचं लग्न तेराला. आज मोजून दहा दिवस.

घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, तीही मायक्रोबायोलॉजीची. या लग्नात माझ्या शिक्षणाचा काहीतरी उपयोग दिसलाच पाहिजे. हळदीच्या जेवणाआधी सगळ्यांना साबणाने हात धुवायला लावायचे. पाण्याच्या पिंपांना झाकणं. आणि केसर आत्याची सगळी गाणी वहीत उतरवून घ्यायची. ती बाबांची चुलत बहीण, गावची धवलारीण, म्हणजे धवले, लग्नाची गाणी, गाऊन लग्न लावणारी. तिने धवला सुरू केल्याशिवाय आमच्याकडे मांडवाची मेढ उभी राहत नाही. भटजी असला तर नंतर. बासष्ट वर्षांची आहे, दमा आहे, आणि एकही ओळ कुठे लिहिलेली नाही. हे राष्ट्रीय नुकसान आहे.

बोटीतल्या एसीने घसा खवखवतोय. अंग कोमट. ॲलर्जी.

३ फेब्रुवारी, संध्याकाळ

दुपारभर आत्याजवळ बसून गाणी लिहिली. तिचा आवाज दम्यामुळे बारीक, म्हणून अगदी तोंडाजवळ कान न्यावा लागला. मधेमधे मला खोकला येत होता. आत्या म्हणाली, “पोरी, गानी राहूदे, आधी नाक पूस.” मी तिला ॲलर्जी आणि इन्फेक्शन यातला फरक समजावून सांगितला. अडीच गाणी झाली.

५ फेब्रुवारी

माझी ॲलर्जी उतरली. मन खंबीर असलं की शरीर ऐकतं.

आत्याला काल संध्याकाळपासून ताप. अंग ठणकतंय, आवाज बसलाय. कुठून लागण झाली काही कळत नाही. ती तर घराबाहेरही पडली नव्हती.

६ फेब्रुवारी, दुपारी १२.३०

आत्याला रेवदंड्याला डॉक्टरांकडे नेलं. दादाने पिकअप काढला. वाटेत म्हणाला, आता आमच्या घरात डॉक्टर हाय, फक्त परीक्षा द्यायची राह्यलीय. मी हसले नाही.

डॉक्टर म्हणाले, लक्षणं फ्लूची, छातीत शिट्टी वाजतेय, वय आणि दमा बघता वाट बघण्यात अर्थ नाही. ऑसेल्टामिविर लिहून दिलं. सकाळी एक, संध्याकाळी एक, पाच दिवस, एकूण दहा कॅप्सूल. पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू झालं तर जास्त फायदा, म्हणजे आजच. मधे बंद करायचं नाही. नेहमीचा पंप चालूच ठेवायचा. धाप वाढली तर माझ्याकडेही येऊ नका, थेट अलिबागला न्या. मी त्यांना माझी डिग्री सांगितली. ते म्हणाले, छान, मग गोळी डोळ्यांसमोर गिळायला लावा.

आत्या पिकअपमध्येच म्हणाली की ती गोळी घेणार नाही. औषधाने गळा सुकतो. तिच्या सासूने आणि सासूच्या सासूने हळदीच्या आधी कधी गोळी घेतली नाही. “मना काय झालंय? गला बसलाय, मी न्हाय बसले.”

अज्ञानाशी लढा द्यायचा तर चिडून चालत नाही. लोकांना त्यांच्याच भाषेत सांगावं लागतं. विचार चालू आहे.

६ फेब्रुवारी, संध्याकाळी ५

सापडलं!

आई आज धवलारणीला लग्नाचं रीतसर आमंत्रण द्यायला निघाली होती. ताटात तांदूळ, नारळ, विडा, सुपारी. मी नारळाशेजारी कॅप्सूलची स्ट्रिप ठेवली. आई म्हणाली, हे काय गं? मी म्हटलं, आत्या औषध नाकारेल, पण मानाचं ताट नाकारणार नाही. आई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. बहुधा कौतुकाने.

आणि खरंच! आत्याने ताट घेतलं, स्ट्रिप नारळासकट कपाळाला लावली. एक कॅप्सूल माझ्यासमोर पाण्याबरोबर गिळली. तिच्याबरोबर गाणाऱ्या चौघी तिथेच होत्या, त्यांनीही माना डोलावल्या. मला भरून आलं. शहरातल्या एकाही हेल्थ ऑफिसरला हे सुचलं नसतं.

७ फेब्रुवारी

चार्ट तयार केला. दहा चौकोन, तारीख, वेळ, सही. आत्याच्या दाराला आतून चिकटवला. आज सकाळी गेले, विचारलं, घेतली का? “व्हय व्हय.” टिक. संध्याकाळी परत. “व्हय गो.” टिक. कालची धरून तीन.

डोळ्यांसमोर गिळायला लावा असं डॉक्टर म्हणाले होते, पण ते सर्वसाधारण पेशंटबद्दल. आत्याशी माझं विश्वासाचं नातं आहे. पोलिसासारखं तोंड उघडून बघणं मला पटत नाही.

डॉक्टरांना फोन करून विचारलं, घरातल्या सगळ्यांना, वऱ्हाडालाही, प्रतिबंध म्हणून हेच औषध देता येईल का? ते म्हणाले, प्रतिबंधासाठी देतात, पण ज्याला धोका आहे त्याला, तपासून. ही लग्नातली बुंदी नाही. मग विचारलं, तुमचा आवाज असा का? म्हटलं, ॲलर्जीचा शेवट आहे.

८ फेब्रुवारी

ताप तसाच. विषाणूची ही शेवटची धडपड असावी. दोन टिका.

नळावर गोदू काकी भेटली. आत्याच्या डाव्या हाताला बसून गाते ती. म्हणाली, “तुजी गोली लय भारी गो, माजं गुडगं मोकलं झालं.” मी हिला कुठलीच गोळी दिलेली नाही. कॅल्शियमच्या गोळीबद्दल बोलत असावी. चूक दुरुस्त केली नाही. लोकांचा गोळ्यांवर विश्वास बसतोय हेच महत्त्वाचं. जागृती अशीच पसरते.

दादाला हे सांगितलं. तो डीजेवाल्याशी फोनवर बोलत होता. म्हणाला, आत्याचा आवाज लागला न्हाय तर काय, मोबाईलवर धवला लावायचा का? मी त्याला चार्टचा फोटो दाखवला. पाच टिका, एकही खाडा नाही. तो म्हणाला, चार्ट बघून झाला, आता आत्याला बघ.

९ फेब्रुवारी

थकवा आला. रोज दोनदा चालत जाऊन चालत येते, शिवाय हात धुण्याच्या सूचनेचे बोर्ड रंगवते. सगळं मी एकटीने करायचं.

आत्या आज उशीला टेकून बसली होती. आडवं झालं की दाटतं म्हणे. मी म्हटलं, विश्रांती घे. ती म्हणाली, मांडवाला अजून दोन दिवस हायेत ना? गाण्याची चाल धरून बघितली, दुसऱ्या ओळीला खोकला. ती माझ्याकडे बघून हसली. मग तिने स्वतःहूनच चार्टकडे बोट केलं, “मांड तुजी रेघ.” मांडली. नंतर संध्याकाळचीही. सात.

निकेतदादा तिच्या मांडीवर वाढला. तिला मूल नाही. ती म्हणते, सगळ्या गावाची लग्नं लावली, आता माझ्या घरचं एक हाय.

तिने गायलं पाहिजे. औषध काम करतंय यात शंका नाही, फक्त दिसत नाही.

१० फेब्रुवारी, सकाळ

आठवी टिक. आत्याला दोन शब्दांनंतर थांबावं लागतं. ‘व्हय व्हय’ हे दोनच शब्द आहेत, त्यामुळे लगेच लक्षात आलं नाही.

१० फेब्रुवारी, दुपारी ४, अलिबाग

हॉस्पिटल. दुपारी आत्याचे ओठ काळपट दिसले. मी अजून अर्धा तास बघू म्हणत होते. दादाने काही न विचारता तिला उचललं आणि पिकअपमध्ये घातलं. चौल ते अलिबाग गाडी कुठेही थांबवली नाही.

ऑक्सिजन ८४. लगेच मास्क लावला. वॉर्डातल्या डॉक्टर तरुण आहेत, माझ्यापेक्षा फार तर तीन वर्षांनी मोठ्या. मी चार्ट बरोबर घेऊन आले होते. त्यांनी तो नीट वाचला. म्हणाल्या, खूप व्यवस्थित ठेवलाय. मग विचारलं, यातल्या किती तुम्ही गिळताना बघितल्या?

मी म्हटलं, आठ टिका आहेत.

त्या म्हणाल्या, टिका नाही विचारल्या.

एक.

११ फेब्रुवारी

आज गोदू काकी भेटायला आली आणि सगळं बाहेर पडलं. ती काही लपवत नव्हतीच. उलट मला कसं माहीत नाही याचंच तिला नवल वाटलं.

धवलारणीला लग्नघरातून जे ताट येतं ते तिचं एकटीचं नसतं. तांदूळ, नारळ, सुपारी, जे असेल ते गाणाऱ्या सगळ्या बायांत सारखं वाटतात. ताटात दहा कॅप्सूल आल्या, बाया पाच. प्रत्येकी दोन. आई हे जाणून होती, म्हणूनच तर तेव्हा बघत राहिली होती. मग बोलली का नाहीस, असं तिला फोनवर विचारलं तर म्हणाली, “तू शिकलेली, मना वाटलं तुज्या शिक्षणात असंल तसं.”

गोदू काकीने दोन्ही गुडघ्यांसाठी घेतल्या. एकीने देव्हाऱ्यात ठेवल्या. एकीने सुनेला दिल्या, तिला बोट लागते म्हणून. चौथीने एक घेतली आणि कडू लागली म्हणून दुसरी कोंबडीला घातली. कोंबडी ठीक आहे.

मास्कच्या आतून आत्या म्हणाली, “मान काय एकटीनं खायाचा असतो?”

मग तू मला रोज व्हय व्हय का म्हणत होतीस? मी जरा जोरात विचारलं. तिने दम घेतला. म्हणाली, एवढा कागद आखून आलेलीस, तुला न्हाय कसं म्हनू.

डॉक्टर राउंडला आल्या तेव्हा आत्याने त्यांना सांगितलं की पोरीने बरोबर दिलेल्या, मीच म्हातारी चुकले. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, घरात यांच्या आधी कोणाला ताप-खोकला? मी म्हटलं, नाही. कोणालाच नाही.

थोड्या वेळाने जाऊन सांगितलं, मला होती. ॲलर्जी. बोटीपासून. त्यांनी विचारलं, ताप होता? कोमट होतं. त्यांनी लिहून घेतलं आणि मलाही एक मास्क दिला.

कोर्स पुन्हा पहिल्यापासून सुरू केलाय. उशीर झालाय, पण दाखल पेशंटला तरीही देतात, असं डॉक्टर म्हणाल्या. सिस्टर गोळी देते आणि आत्याला जीभ वर करायला लावते. आत्या निमूट करते. एवढं सोपं होतं.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ

आज हळद. आईचे चार फोन. नवरीकडची धवलारीण आमच्याकडेही उभी राहायला तयार झाली, काळजी नको. पण तिला आमच्या घराण्याची नावं माहीत नाहीत. कागदावर लिहून दिली. हात धुवायच्या साबणाने पोरांनी मांडवात फुगे काढले.

बाबा म्हणाले, सकाळच्या एसटीने ये, करवलीशिवाय नवरा निघत नाय. मी म्हटलं, आत्याजवळ कोण बसेल? गोदू काकी बसेल म्हणाले. गोदू काकी आत्याला गावात काय काय शिजलं ते सांगत बसेल आणि मास्क काढायला लावेल. शिवाय मी अजून खोकतेय. दोनशे माणसांत मीच फिरायचं हे बरं नाही. हे कारण खरं आहे. गेल्या दहा दिवसांत मी दिलेल्या कारणांमधलं बहुतेक हे पहिलंच.

दादाला सांगितलं. फोनवर मागे डीजे वाजत होता. तो म्हणाला, बस तू तिकडं. मग म्हणाला, जेवलीस का?

१३ फेब्रुवारी, दुपारी १२.५०

मुहूर्त १२.३७ चा.

आत्याने सकाळपासून तीनदा वेळ विचारली. सव्वाबारानंतर विचारायची थांबली. भिंतीवरच्या घड्याळाकडेच बघत होती. बरोबर वेळ झाल्यावर तिने मास्क हनुवटीखाली ओढला आणि धवला धरला. अगदी हळू. शेजारच्या बेडपाशी बसलेल्या बाईने भाजीची पिशवी बाजूला ठेवली आणि हात जोडले.

सिस्टर दुसऱ्या टोकाला होती. मी ऑक्सिमीटरवर डोळा ठेवला. ९३. या गाण्यात घरातल्यांची नावं येतात, एकेक करून, ज्याला त्याला मांडवात बोलावतात. आधी गावदेवी. मग गेलेले आजोबा. ९२. प्रत्येक नावानंतर ती थांबायची, श्वास गोळा करायची आणि पुढचं नाव घ्यायची. बाबांचं नाव. आईचं नाव. ९०. निकेतचं नाव तिने दोनदा घेतलं, तसं घ्यायचं असतं म्हणून की तिला घ्यावंसं वाटलं म्हणून, ते मला माहीत नाही.

नवऱ्यानंतर करवली येते. तिने माझ्याकडे बघितलं आणि श्वास घेतला.

८८.

मास्क मी तिला परत लावला.