निवृत्तीदादांचा गुडघा

४ नोव्हेंबर
आज नाशिकच्या हॉस्पिटलात रुजू झाले, ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून. गंगापूर रोडला खोलीही छान मिळाली. खिडकीत ऊन येतं, खाली मिसळीचं दुकान. डॉ. पगार हसतमुख आहेत. म्हणाले, संध्या, गुडघे शिकायचे तर इथेच.

७ नोव्हेंबर
लिगामेंटची पहिली सर्जरी. मांडीमागची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, छोट्या छेदातून ओढून काढतात, तिला चिकटलेलं मांस खरवडतात, दुमडून टाके घालतात. मग हाडात बोगदे पाडून तुटलेल्या लिगामेंटच्या जागी ओवतात. खरवडायचं काम माझ्याकडे आलं. मऊ, चिकट लगदा ग्लोव्हला लागून राहिला. दुपारी डबा उघडवला नाही.

११ नोव्हेंबर
दिंडोरीचे निवृत्तीदादा, द्राक्षबागेत ट्रॅक्टरवरून पडलेले. त्यांची कंडरा फार बारीक निघाली, म्हणून फ्रीजरमधली, मृत दात्याची घेतली. पाकीट फोडलं तर शिळ्या मटणाचा वास. डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, होईल सवय. आणि बसवली.

१५ नोव्हेंबर
ड्रेसिंग सोडलं. टाक्यांतून पिवळट, तार धरणारा द्रव. त्यांच्या बायकोने, झुंबरबाईंनी, नाकाला पदर लावला.
निवृत्तीदादा हळूच म्हणाले, "सिस्टर, आत कायतरी सरकतंय. वर चाललंय."
मी हात ठेवला. सरकत होतं. डॉक्टर म्हणतात, सूज आहे.

१७ नोव्हेंबर
गुडघा पुन्हा उघडला. कंडरा बसवली त्याहून कितीतरी लांब झालेली. हाडाला वेढे घालून मांडीत शिरलेली, ओली, पांढरी, गांडुळासारखी. भोवतीचं मांस कुजून पेजेसारखं. डॉक्टर कापत होते, ती आखडत होती. ट्रेमध्ये पडल्यावरही. मला मास्कमध्येच उलटी झाली.

१८ नोव्हेंबर
पाय मांडीतून काढावा लागला. हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत पाय मीच बांधला. बांधताना — आतला गुडघा वाकला.

१९ नोव्हेंबर
पिशवी फाटलेली. पायाची नुसती कातडी, आत काही नाही. फरशीवर चिकट रेघ, थेट निवृत्तीदादांच्या वॉर्डापर्यंत. डॉक्टर फोन उचलत नाहीत —

२० नोव्हेंबर
निवृत्तीदादा सकाळी गेले. झुंबरबाई पलंगाला टेकून बसलेल्या. त्यांनी साडी वर केली. पोटरीत कातडीखाली पांढरी दोरी, हळूहळू वर —
"काढा, सिस्टर," म्हणाल्या.
चिरलं. टोक सापडलं. ओढलं. बोटाला गुंडाळलं गेलं, सुटत नाही. डाव्या हाताने लिहितेय. नखातून आत — मनगटापर्यंत — ओलं —