भाव किती?

३ फेब्रुवारी, सोमवार

आज पुन्हा लेबलं बदलली! मालक सकाळी आले ते लेबलांचं भेंडोळं घेऊनच. "फ्रेमा बाहेरून येतात, डॉलर चढला, आपला पैसा गडगडला, मी काय करू?" हे ते मला ऐकवतात. गिऱ्हाइकांना ऐकवायचं मी. चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभं राहायचं म्हणजे शिव्या खायचीच नोकरी झाली आहे हल्ली.

दुपारी ते निवृत्त मास्तर आले. मागच्या महिन्यात एक फ्रेम पसंत करून गेले होते. आज पैसे मोजून आणले, तर ते कमी पडले. "बाई, चष्मा तोच आहे ना? मग?" मी तोंड पाडून म्हटलं, "काय करणार काका, डॉलर."

आणि मनात उकळ्या फुटत होत्या. इथे लिहायला काय हरकत आहे? नवरा जहाजावर स्वयंपाकी. घरात सगळे त्याला कप्तान म्हणतात, पण असतो भांड्यातच. पगार डॉलरमध्ये. डॉलर चढला की तेवढ्याच पगाराचे इथे जास्त पैसे होतात. सगळं गाव रडतंय आणि मी खूश! लाज वाटते. पण खूश आहेच.

९ फेब्रुवारी, रविवार

कप्तानाचा फोन. पहिला प्रश्न, नेहमीचाच: "भाव किती?" कशी आहेस, पोरगी कशी आहे, हे सगळं नंतर. जहाजावर आपल्याकडचा तो एकटाच, बाकीच्यांना आपल्या पैशाशी काय घेणंदेणं? नेट नावालाच. म्हणून भाव सांगायचं काम माझं. दुकानासमोर पैसे बदलून देणारा बसतो, तो काचेवर रोज आकडा लिहितो. मी येता-जाता बघून ठेवते.

सांगितला. तो ओरडलाच, "अगं, मग हेच काँट्रॅक्ट शेवटचं! एप्रिलमध्ये संपलं की खोल्या आपल्या आणि मी घरी!"

आम्ही राहतो त्या दोन खोल्या घरमालकीणबाई आम्हालाच विकणार आहेत. किंमत ठरली आहे. ठरलेले पैसे जमायला अजून एक वर्ष लागलं असतं. डॉलरने ते वाचवलं. घसर बाबा, अजून घसर! (आपल्याच पैशाला असं म्हणणारी मी एकटीच असेन.)

१४ फेब्रुवारी

तेल महाग. साबण महाग. सासूबाईंच्या गोळ्या तर विचारूच नये. त्या आता अर्धी गोळी घेतात आणि मला सांगतात पूर्ण घेतली! डबी बघितल्यावर कळलं. खूप बोलले त्यांना. मग स्वतःवरच चिडले.

२२ फेब्रुवारी

मास्तर परत आले. नवी फ्रेम नको म्हणाले. जुन्याच फ्रेममध्ये नव्या काचा बसवून घेतल्या. एक दांडी दोऱ्याने बांधलेली होती. मी दोरा काढून पदरचा स्क्रू बसवून दिला. मालकांना सांगितलं नाही.

६ मार्च

घरमालकीणबाई वर आल्या. बसल्या, पाणी प्यायल्या, पोरीच्या गालाला हात लावला. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी आहे. "हे बघ, मला तुमच्याविषयी आकस नाही. पण ठरल्या पैशात आता मला दुसरीकडे एक खोलीसुद्धा मिळायची नाही. सगळंच वाढलंय."

नवा आकडा सांगून गेल्या. डॉलरने एका हाताने दिलं ते दुसऱ्या हाताने काढून घेतलं. भांडायला तोंड होतं कुठे? रोज काउंटरवर मी वेगळं काय सांगते?

९ मार्च, रविवार

त्याला सांगितलं. वाटलं, हादरेल. तर म्हणाला, "मग मी अजून दीड वर्ष करतो. कंपनी विचारतेच आहे. आत्ता डॉलर असा चढलेला असताना घरी येणारा वेडा! तीस तारखेला सांगायचंय त्यांना, लगेच सही."

दीड वर्ष. मी म्हटलं, "पोरगी तुला विसरेल." तो म्हणाला, "स्वतःच्या घरात विसरू दे." आणि हसला. मला हसू आलं नाही. फोन ठेवून भांडी घासत बसले, घासलेलीच परत.

१७ मार्च

सासूबाई म्हणाल्या, "घर काय, भाड्याचंही चालतं गं. तुझ्या सासऱ्यांनी तरी कुठे बांधलं?" त्यांनाही घरापेक्षा तोच हवाय, पण मुलाला 'ये' म्हणायची त्यांची हिंमत नाही. माझीही नाही. 'ये' म्हटलं तर खोल्या माझ्यामुळे गेल्या असं होईल.

२३ मार्च, रविवार

फोन वाजला तेव्हा माझे हात पिठाचे. पोरीने उचलला. सहा वर्षांची आहे. दोन दात पडलेत, ते त्याने अजून पाहिलेले नाहीत. ऐटीत म्हणाली, "हॅलो बाबा, आज भाव किती सांगू?"

सासूबाई हसल्या. पलीकडे तोही खूप हसला. मी न्हाणीघरात जाऊन रडले. बापाशी काय बोलायचं, ते पोरीला एवढंच माहीत आहे! आणि शिकवलं कुणी? मीच.

२९ मार्च, शनिवार

आज पुन्हा लेबलं बदलली. समोरच्या काचेवरचा आकडा आजवरचा सगळ्यात मोठा. पाठ करायची गरजच नव्हती.

३० मार्च, रविवार

फोन. "भाव किती?"

उतरला म्हणून सांगितलं. बराच उतरला. आपला पैसा सावरला म्हणतात, अजूनही सावरेल.

"खरं?"

"हो ना."

तिकडे त्याने पुटपुटत हिशोब केला. मग म्हणाला, "मग कशाला मरू इथे? नाही करत सही."

खोल्या गेल्या. एप्रिलमध्ये तो येतोय. इथे उतरल्या उतरल्या खरा भाव कळेलच त्याला. कळू दे.