मांद्रेच्या किनाऱ्यावर मावळलेले अनुदान

पेडणे, बुधवार

तीर्थरूप सगुणमामा आणि सौ. कमलाक्षीमामी यांच्या पायांवर डोके ठेवून भाचा प्रवीण याचा नमस्कार. (दोघांच्या पायांवर एकाच वेळी कसे ठेवायचे, ते भेटीत ठरवू.)

इकडे सर्व ठीक. तुमच्या गुडघ्याचे कसे काय? मामी सांगत होत्या, की मालीश करायला येणाऱ्या माणसाचे इंग्रजी तुम्ही सुधारायला घेतलेत आणि तो यायचा बंद झाला. तुम्ही डिचोलीच्या शाळेत इतकी वर्षे इंग्रजी शिकवलेत, सवय सुटत नाही हे समजते. पण दुसरा माणूस मिळाला तर गुडघा बरा होईपर्यंत त्याला अशुद्ध बोलू द्या. कुळागरातल्या माडा-पोफळींवर माकडे उतरतात का? आमच्याकडे एकाने झाडाला वाघाचे चित्र बांधले होते. माकडे थोडे दिवस लांब राहिली, नंतर ते चित्र त्यांनी खाली अंथरले आणि त्यावर बसून शहाळी खाल्ली.

आता मुख्य हकिकत. ती मला नीट सांगता येईल असे वाटत नाही, कारण मी तिथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर होतो. दोन-एक वर्षांपूर्वी पणजीची एक संस्था आमच्या वाड्यावर आली. तिला पैसे येत होते एका थंडीच्या देशाच्या सरकारकडून. (देशाचे नाव मला म्हणता येते, लिहिता येत नाही. तुमच्या भाचेसुनेला, म्हणजे मनीषाला, लिहिता येते, पण म्हणायला गेली की शिंक आल्यासारखी थांबते.) ते सरकार आपल्या लोकांकडून कर घेते, त्यातला थोडा भाग बाजूला काढते आणि परक्या देशांतली सिव्हिल सोसायटी बळकट करायला पाठवते, असे संस्थेच्या साईशने आम्हाला समजावले. साईश म्हणजे तिथला प्रशिक्षक, दाढी राखलेला, पण गुणी. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या गावात सोसायटी एकच, रेशन आणि खत देणारी. तिचे चेअरमन शांताराम नाईक पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या रांगेतल्या कदेलीवर बसले होते. भाषणे संपल्यावर त्यांनी नवा वजनकाटा कधी येणार, एवढेच विचारले. साईश म्हणाला, की सिव्हिल सोसायटी म्हणजे आपण सगळेच. शांतारामना ते आवडले नाही. सगळेच सोसायटी झाले तर चेअरमनने करायचे काय, हा त्यांचा मुद्दा मलाही बरोबर वाटला.

तर कार्यक्रम असा, की मनीषाच्या महिला मंडळाने ग्रामसभेत उभे राहून बोलायला शिकायचे. नाव सांगायचे, प्रश्न विचारायचा आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसायचे नाही. शनिवारी शिकवणी, बाकी आठवडा सराव. सरावाला सरपंच रोज कुठून मिळणार, म्हणून नवरे वापरले गेले. मी तुयेच्या फॅक्टरीतले स्टोअर दिवसभर सांभाळून घरी यावे, तर मनीषा दारापुढच्या बाल्कांवात उभी. माझे नाव मनीषा प्रवीण परब, माझा प्रश्न असा, की न्हाणीतल्या नळाचे काय झाले. मी बघू म्हणायचो. ती उभीच. चुलीवरचे माशांचे हुमण निवायचे, ती उभीच. मामा, नळ बदलला. त्या वर्षी आमच्या वाड्यावरचे नळ, दारांच्या कड्या, गळकी कौले, सगळे दुरुस्त झाले, आणि त्या थंडीच्या देशातल्या मंत्र्याला याचा पत्ताही नसेल.

खरा प्रश्न मात्र बसचा होता. सकाळची म्हापशाची बस पूर्वी वाड्यात शिरून, पिंपळाला वळसा घालून परत जायची. मग ती आत येईना. कामाला जाणाऱ्या बायका आणि कॉलेजातली पोरे वाड्यावरून वर जाणारा चढ धापा टाकत चढून हमरस्ता गाठू लागली. आमच्या शेजारच्या शालिनीकाकी (मंडळात वयाने सगळ्यांत मोठ्या) शुक्रवारच्या बाजाराला भाजी न्यायच्या, त्यांनी ते सोडूनच दिले. भरलेली टोपली घेऊन तो चढ त्यांना झेपेना. घरी बसून त्या खंगल्यासारख्या झाल्या होत्या. हा प्रश्न ग्रामसभेत विचारायचा हे पहिल्या शनिवारपासून ठरलेले होते आणि दर वेळी, अजून थोडा सराव होऊ दे, म्हणून मागे पडत होते. नवऱ्याला नळाचे विचारणे वेगळे आणि भरल्या सभेत उभे राहणे वेगळे, असे मनीषाच मला म्हणाली होती.

अशात साईशचा निरोप आला. त्या देशाच्या दिल्लीतल्या ऑफिसातून एक बाई शनिवारी येणार, तिला महत्त्वाचे बोलायचे आहे. महत्त्वाचे म्हणजे अनुदान वाढणार, असा अर्थ सगळ्यांनी काढला. (दुसरा अर्थ काढायला कोणी तयार नव्हते.) अंगण सारवले, खतखते रांधले, शिरवाळ्या आणि रस केला, आणि बाईला यातले काहीच नाही उतरले तर असावेत म्हणून पोदेराकडून पावाचे उंडे घेऊन ठेवले. बाई आली. उंच, उन्हाने लाल झालेली, नाव अनिका. नाव ऐकून शालिनीकाकी म्हणाल्या की ही आपल्यातलीच, आणि कुंकू लावून मोकळ्या झाल्या. साईशचा मात्र पत्ता नव्हता. कोलवाळच्या पुलापाशी त्याची मोटारसायकल बंद पडली होती. मग बाई काय म्हणते ते मराठीत सांगायला मी उभा राहिलो. तुमच्याकडे इंग्रजी शिकलेला तिथे मी एकटाच होतो, मामा.

बाई मान खाली घालून, हळू बोलत होती. तुम्ही फार चांगले काम केलेत, मला तुमचा अभिमान आहे. हे मी सांगितले, टाळ्या झाल्या. मग ती म्हणाली, धिस प्रोग्रॅम विल सनसेट इन मार्च. आता हे वाक्य तुम्ही फळ्यावर लिहून दिले असते तर मी विचार केला असता. पण सनसेट हा शब्द कानावर पडला आणि पुढचा मार्च मी ऐकलाच नाही. मांद्रेला उतरणारा प्रत्येक परदेशी माणूस सनसेट बघायला येतो. तिथल्या गेस्टहाउसांच्या पाट्यांवर दुसरे काही लिहिलेलेच नसते. मी जाहीर केले, की बाईंना आपल्या सगळ्यांबरोबर समुद्रावर सूर्यास्त बघायचा आहे. मंडळ उठून उभे राहिले. इतक्या जवळ राहून त्यातल्या निम्म्या बायका सूर्यास्त बघायला म्हणून कधी मांद्रेला गेल्या नव्हत्या. बाई गोंधळली. तिने पुन्हा सनसेट म्हटले. मी म्हटले, येस येस, टुडे. टुडे, असे तिने अगदी बारीक आवाजात विचारले आणि तिचा चेहरा उतरला. लांब जावे लागेल म्हणून घाबरली असेल असे वाटून मी व्हेरी नियर म्हणून तिला धीर दिला.

शेजारचा टेम्पो काढला, डबे घेतले, निघालो. किनाऱ्यावर वाळूत गोल करून बसलो. सूर्य पाण्याला टेकायला आला तशी अनिकाबाई रडू लागली. घरची आठवण आली असेल, असे सगळ्यांना वाटले. शालिनीकाकींनी पदराने तिचे डोळे पुसले. इतक्यात साईश कोणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून पोहोचला. त्याने मला बाजूला घेऊन विचारले, बाईंनी सांगितले का सगळ्यांना. मी म्हटले, सांगितले की, बघतोच आहोत. त्याने माझ्याकडे जे पाहिले ते मी विसरणार नाही. सनसेट म्हणजे कार्यक्रम मावळणार. तिथे नवे सरकार आले आहे, ते म्हणते आपले पैसे आपल्या घरात. दुसऱ्या देशांना जायचे ते सगळे मार्चअखेर बंद. संस्थेचे बंद, साईशची नोकरी बंद, बाईचे ऑफिस बंद आणि बाईही बंद. हे त्याने बायकांना सांगितले, त्याच वेळी सूर्य बुडाला आणि किनाऱ्यावरच्या परदेशी लोकांनी रोजच्यासारख्या टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्या. मला वाळूत खड्डा खणून बसावेसे वाटत होते. मग मनीषा उठली, पदर खोचला आणि शिकवले होते तसे नाव सांगून म्हणाली, "माझा प्रश्न असा, की आमचे काय चुकले?"

साईशने इंग्रजीत सांगितले. बाई म्हणाली, काही चुकले नाही. मग ठरवले कोणी? मंत्र्यांनी. ते इथे कधी आले होते? नाही. मग त्यांना कसे कळले की आम्हाला गरज नाही? मनीषा उभीच. भरतीचे पाणी तिच्या पावलांपर्यंत आले तरी ती हलेना.

"मला माहीत नाही," बाई शेवटी म्हणाली. "हे सांगत मी गावोगाव फिरते आहे. सगळ्यांनी हार घालून पाठवले. विचारले कोणीच नाही."

मनीषा खाली बसली. हे उत्तर धरायचे की नाही, ते शिकवणीत सांगितले नव्हते, असे ती नंतर म्हणाली. तेवढ्यात शालिनीकाकींनी बाईचा हात धरून विचारले, "तुका पगार कोण दितलो मगे आतां?" साईशने भाषांतर केले नाही. पण बाईला कळले असावे, कारण तिने दोन्ही हात उघडून दाखवले. मग डबे उघडले गेले आणि तिच्या पानात इतके वाढले गेले की तिला रडायला सवड राहिली नाही.

रात्रीपुरती म्हणून बाई आमच्याकडे राहिली, ती राहिलीच. दुसऱ्या दिवशी रविवार, ग्रामसभा. सकाळी मनीषा म्हणाली, आज बसचे विचारायचे. मी म्हटले, सराव झाला का? ती म्हणाली, आता सराव कोणाला दाखवायचा आहे. अख्खे मंडळ गेले. बाई मागच्या बाकावर बसली. मनीषा उभी राहिली, आणि आवाज न्हाणीच्या नळाच्या वेळचाच होता. प्रश्न ऐकून सरपंचांनी सौजन्याने विचारले, की तुम्ही कुठल्या संस्थेतर्फे बोलता. संस्था तर आदल्या दिवशीच मावळली होती. मनीषाने सांगितले, सिव्हिल सोसायटीतर्फे.

शांताराम नाईक डुलकी घेत होते. त्यांनी सोसायटी तेवढे ऐकले आणि ताडकन उठून म्हणाले, "सोसायटीचो पुराय पाठिंबो आसा." सचिवांनी ते लिहून घेतले. टाळ्या झाल्या, शांतारामनी हात जोडले. मग सरपंचांनी सांगितले, की बस आत न येण्याचे कारण साधे आहे. पिंपळाच्या वळणावर एका कुंपणाचा चिऱ्यांचा गडगा नव्याने बांधताना रस्त्यात पुढे आला, तिथे बसला वळता येत नाही. गडगा कोणाचा, ते त्यांनी सांगितले नाही. सभेतल्या सगळ्या माना मात्र शांतारामांकडे वळल्या. मनीषा अजून उभीच होती. तिने विचारले, की गडगा कधी मागे जाणार. शांतारामनी सरपंचांकडे पाहिले, सचिवांच्या वहीकडे पाहिले, छताकडेही पाहिले. मनीषा उभीच. "फाल्यां," ते म्हणाले. उद्या.

आणि दुसऱ्या दिवशी गडगा खरेच सरकायला लागला. चिरे उचलायला मंडळ होते, साईश होता, अनिकाबाईही होती (तिची नखे तुटली, ती दाखवत हिंडत होती). शांताराम कदेलीवर बसून, हे काम सोसायटी करते आहे, असे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. आज सकाळी बस आत आली. ड्रायव्हरला वळण आठवेना, तो पिंपळापाशी थांबून राहिला. शालिनीकाकींना आज कुठे जायचे नव्हते, टोपलीही नव्हती. तरी त्या चढल्या, पहिल्या बाकावर बसल्या, हमरस्त्यापर्यंत गेल्या आणि उतरून चालत घरी आल्या.

आता मला न कळलेले ते असे. सरकारने कार्यक्रम बंद केला म्हणून तो पूर्ण झाला, की चालू राहिला असता तर आम्ही अजून सरावच करत बसलो असतो? बाईला मी हे विचारले. शेवटच्या अहवालात हे लिहायला हवे म्हणाली, आणि मग तिला आठवले, की अहवाल वाचणारेही मार्चमध्ये घरी जाणार आहेत. तुम्हाला काही उलगडा झाला तर कळवा.

मामींना नमस्कार, माकडांना दगड आणि तुमच्या गुडघ्याला विश्रांती.

तुमचा भाचा,
प्रवीण

ता. क. – एक काम होते. बाईला आता नोकरी शोधावी लागणार. इतकी वर्षे ती सगळ्यांविषयी लिहीत आली, तिच्याविषयी कोणी लिहिलेले नाही. म्हणून मंडळाने तिला दाखला द्यायचे ठरवले आहे. इंग्रजी माझ्यावर सोपवायला कोणी तयार नाही, तेव्हा तुम्ही लिहून द्या. मजकूर बायकांनी सांगितला तो असा: वाढलेले सगळे खाते, चिरे उचलते, आणि एखादी गोष्ट माहीत नसली तर माहीत नाही म्हणते. शेवटचे जरा ठळक लिहा.

पुन्हा ता. क. – मनीषाने पत्र वाचले. म्हणते, ज्यासाठी लिहायला बसवले तेच राहिले. बाईचे परतीचे तिकीट मंजूर करणारा साहेब तिच्याआधीच घरी गेला, त्यामुळे तिकीट कधी येईल ते कोणालाच माहीत नाही. आमच्याकडे माझी बहीण कोमल शुक्रवारी बाळंतपणाला येते आहे, खोली लागणार. म्हणून तिकीट येईपर्यंत बाई तुमच्याकडे राहील. मामींशी मनीषाचे सोमवारीच फोनवर बोलणे झाले, त्यांनी माडीवरची खोली झाडूनही ठेवली आहे. मी म्हटले, मग मामांनाही फोनवरच सांगून टाकू. तर मामी म्हणाल्या, त्यांना पत्र घाल, आणि चांगले लांबलचक घाल. वाचून होईपर्यंत ती येऊन पानावर बसलेली असेल.