उभं राहण्याची ओळ

६ फेब्रुवारी, रविवार

झालं! ज्याची भीती होती तेच झालं. आणि तेही कॅमेऱ्यांसमोर.

महिन्याची प्रार्थना. मी नेहमीच्या खुर्चीत, आईच्या डावीकडे. तिच्या उजवीकडे वहिनी, पलीकडे दादा. सगळं सुरळीत चाललं होतं. धर्मगुरूंचा घसा बसलेला, त्यामुळे प्रवचनसुद्धा आटोपशीर! मग ती ओळ आली — ‘आमच्या राजाला दीर्घायुष्य दे.’ या ओळीला सगळं सभागृह बसून राहतं आणि राजाची पत्नी तेवढी एकटी उभी राहते. नवऱ्यासाठी मागणं मागायला. ती उभी राहिल्याशिवाय धर्मगुरू पुढचा शब्द काढत नाहीत. आईने हे सबंध संसारभर केलं. बाबा गेले, दादा गादीवर आला, तेव्हापासून ही ओळ वहिनीची.

आज वहिनी उठायला लागली आणि शेजारी आई ताडकन उभी! पाठ ताठ, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर कसलाही संशय नाही. वहिनी अर्धवट उठलेली — ना उभी, ना बसलेली. तिने एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि गुपचूप खाली बसली. मी आईची बाही ओढली. तिने माझा हात झटकला, लहानपणी प्रार्थनेत चुळबुळ केली की झटकायची तसाच.

गाडीत म्हणाली, “तुझे बाबा आज का नाही आले गं? सर्दी अजून गेली नाही वाटतं.”

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. मी म्हटलं, “हो, सर्दी.” दुसरं काय म्हणणार!

७ फेब्रुवारी

पहिल्या पानावर फोटो. आई उभी, वहिनी खाली बसतेय. नेमक्या त्या क्षणाला असं दिसतंय की आईने तिला खांदा दाबून बसवलंय. वर मथळा — ‘ही जागा कोणाची?’

टीव्हीवर राजघराण्यांचे एक जाणकार बसले होते. माणूस आमच्या फाटकाच्या आत कधी आलेला नाही. त्यांनी आईच्या हनुवटीवरून ओळखलं की तिला सत्ता सोडवत नाही. आईची हनुवटी जन्मापासून तशीच आहे! माझीही आहे, आणि मला तर कधी कसली सत्ता मिळाली नाही. माझं काम रिकामी खुर्ची भरायचं. कुणी आजारी, कुणी परदेशी — धाकटीला पाठवा. पन्नाशी उलटली तरी मी धाकटीच.

नर्सला सांगून ठेवलं, वर्तमानपत्रं आईच्या नजरेला पडता कामा नयेत.

१० फेब्रुवारी

दादाच्या खोलीत बैठक. दादा, वहिनी, मी आणि सचिव. आईचं विसरणं काय आहे ते डॉक्टरांनी मागच्याच वर्षी नाव घेऊन सांगितलं होतं. तेव्हापासून आम्ही, डॉक्टर आणि नर्स सोडून कुणाला ठाऊक नाही. सचिवांचं एकच पालुपद, “झाकली मूठ सव्वा लाखाची, ताईसाहेब.”

वहिनी म्हणाली, “मूठ झाकलीय खरी, पण आत बोटं माझी चेपतायत.”

काल ती एका शाळेत गेली होती. तिथल्या एका आजीबाईंनी तिचा हात धरून म्हटलं, “धीर धरा हो, सासवा सगळ्या सारख्याच.” सांगताना वहिनी हसली आणि हसता हसता रडायलाच लागली. तिचं रडणं स्वतःसाठी नव्हतं. या घरात आली तेव्हा तिला सगळं आईने शिकवलं — दिवसभर पाण्याविना कसं राहायचं, नको असलेला फुलांचा गुच्छ हसून कसा घ्यायचा, टोचणाऱ्या बुटात पाय कसा हलवायचा. तिला स्वतःची आई नाही. “आईंना लोक असं म्हणतायत, आणि मी गप्प बसते, म्हणजे मीसुद्धा म्हणतेच आहे,” असं म्हणाली.

दादा म्हणाला, घरी ठेवू तिला. मी म्हटलं, घरी ठेवलंस तर डांबून ठेवलं म्हणतील. इकडे आड, तिकडे विहीर. खरं सांगून टाकावं तर? दादाने नाही म्हणून मान हलवली. एकदा सांगितलं की आई संपली; मग ती काहीही बोलली तरी लोक आजारच ऐकणार. त्याचंही चूक नाही.

ठरलं काय, तर त्या ओळीच्या वेळी आईला सांभाळायचं माझ्याकडे.

६ मार्च

फत्ते! ओळ यायच्या जरा आधी आईच्या हातात पुदिन्याची गोळी ठेवली. कागद मीच घरी पीळ घालघालून घट्ट बसवला होता. आई तो सोडवत बसली, तिकडे वहिनी उठली, मागणं झालं, वहिनी बसली. आईने गोळी तोंडात टाकली आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मला वाटलं, आता जिंकलो.

७ मार्च

‘राणीमाता प्रार्थनेत गोळ्या चघळतात.’ फोटोसह! एका वाचकाने लिहिलंय की आमच्या पिढीत ईश्वरासमोर तोंड चालवत नसत. तुमचं चाललंय की महाराज, वर्तमानपत्रातून!

चिडून काय उपयोग? जांभई दिली तर कंटाळलो, नाही दिली तर दगड आहोत.

३ एप्रिल

आज आईला नेलं नाही. दादाने ऐकलंच नाही.

फाटकाबाहेर गाडी थांबली तेव्हा कोपऱ्यावरची फूलवाली काचेशी आली. “थोरल्या राणीसाहेब कुठायत?” मी म्हटलं, घरी, बरी आहे. “बऱ्या आहेत तर दिसत का नाहीत?” आवाजात राग नव्हता. “माझं लग्न झालं नव्हतं तेव्हापासनं बघतीय मी त्यांना. त्या उभ्या राहिल्या की कसं बरं वाटायचं. म्हणायचं, चला, सगळं जागच्या जागी आहे.” हिला काय हवंय? नुसतं दिसायला हवंय. तेवढंच तर आमचं काम, आणि तेवढंच आता आईला जमत नाही.

परत आले तर आई दिवाणखान्यात बसलेली. बाहेर जायचे कपडे, टोपी, मांडीवर पर्स. नर्स म्हणाली, सकाळपासून अशाच आहेत, काही केल्या बदलू देत नाहीत.

“गाडी आलीच नाही,” आई म्हणाली. तक्रार नाही, नुसतं सांगणं. मी तिची टोपी काढली आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

१२ एप्रिल

आजचा दिवस चांगला. आईला माझं नाव, माझ्या मांजरीचं नाव, सगळं आठवत होतं. मध्येच म्हणाली, “सूनबाई फोटोत किती बावरलेली दिसते गं.” मला वाटलं लग्नाचा फोटो. भिंतीवरचा दाखवला. तिने एकदा पाहिला आणि पुन्हा मांजरीचं विचारू लागली.

२१ एप्रिल

नर्सची नवीन खबर. आई हल्ली दुपारी जेवणघरात जाऊन बसते, हात असलेल्या खुर्चीत. प्रार्थनेची रेकॉर्ड लावायला सांगते आणि दोन्ही हातांनी खुर्ची गच्च धरून ठेवते. बोटं पांढरी पडेपर्यंत! डॉक्टर म्हणाले, या आजारात तोल जायची भीती वाटते, त्यातलंच हे. खुर्चीला खाली रबर बसवून घेतलं.

३० एप्रिल

आठ तारखेला वर्षाची मोठी प्रार्थना. सगळीकडे थेट प्रक्षेपण. यावेळी आई दिसली नाही तर काय होईल ते सांगायला सचिवांची गरज नाही. आणि दिसली तर गोळीही चालायची नाही.

वहिनीनेच तोड काढली. जेवताना सगळ्यांसमोर शांतपणे म्हणाली, “मी उठणारच नाही. आईंना उठू दे. त्यांची ओळ आहे, त्यांच्याकडेच राहू दे.”

दादाचा घास हातातच राहिला. “अगं, लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. सुनेने जागा सोडली म्हणतील. दोघी अर्धवट उभ्या राहण्यापेक्षा बरं.”

“आणि आई उठलीच नाही तर?”

“आई?” वहिनी हसली. “त्या कधी चुकल्यात का?”

मला ही बाई आवडते. स्वतःची सख्खी वहिनी आहे म्हणून नाही, अशीच आवडते.

८ मे, रविवार

कसं लिहू?

सभागृह खचाखच. आई आत आली तशी कुजबुज थांबली. तिने फिकट निळं घातलं होतं, फार छान दिसत होती. वाटेत फूलवालीकडे बघून हात हलवला. मनात म्हटलं, आज सगळं नीट होणार.

ओळ आली. ‘आमच्या राजाला दीर्घायुष्य दे.’ धर्मगुरू थांबले.

वहिनी बसून. ठरल्याप्रमाणे खाली बघत.

आईही बसून.

मी तिच्याकडे पाहिलं. नजर समोर, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट. हनुवटी थरथरत होती. मला वाटलं, घाबरलीय, आपण कुठे आहोत तेच कळत नाहीये तिला. वहिनीने हळूच मान वळवली, तिच्याकडे बघून वाट पाहिली. आई हलली नाही. धर्मगुरूंनी पुस्तकातून डोळे वर केले. मागे कुणीतरी खोकलं. सगळं राज्य घरोघरी टीव्हीसमोर बसलेलं, आणि राजाला दीर्घायुष्य मागायला कुणी उभं नाही! दादाचा चेहरा पांढराफटक. तो बिचारा तर स्वतःसाठी उठूच शकत नाही.

मग मी उठले. का उठले, देव जाणे. खुर्ची भरायची सवय, दुसरं काय! मला तो हक्क नाही, मी कुणाची पत्नी नाही. पण भावासाठी मागायला काय झालं? मनापासून मागितलं. पुढची ओळ सुरू झाली.

खाली बसले तर आई माझ्याकडे बघत होती. इतकी गोंधळलेली मी तिला कधी पाहिली नाही.

९ मे

मथळे लिहीत नाही. जाणकारांना तर घबाडच मिळालंय. धाकटीला गादीवर डोळा आहे म्हणे! माझा डोळा चष्म्याशिवाय ताटावरसुद्धा ठरत नाही.

त्याचं काही नाही. दुखतंय ते वेगळंच. इतके दिवस आईचं सगळं जात होतं, पण ती ओळ राहिली होती. बाबा गेलेले विसरली तरी त्यांच्यासाठी उठायचं विसरली नव्हती. काल तेही गेलं. वहिनी सकाळपासून स्वतःलाच बोल लावतेय, “मी उठायला हवं होतं, त्यांना एकटं पाडलं मी.”

दादा म्हणाला, “आता पुरे. आता तिला दाखवायला न्यायचं नाही.” कुणी विरोध केला नाही. सचिवांनी पत्रक लिहून आणलं — आजाराचं नाव, आणि यापुढे राणीमाता कुठल्याही समारंभाला येणार नाहीत. मी ‘कायमच्या’ हा शब्द खोडायला लावला. पुन्हा वाचलं, तर त्याच्यावाचूनही अर्थ तोच होता.

उद्या सकाळी जाहीर होईल.

१० मे

आईबरोबर चहा. मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं, “परवा सूनबाई का गं उठली नाही? मी आपली दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसलेले. पायांना मेली सवय, ती ओळ आली की आपोआप उठतात. मागे एकदा उठले तर किती बावरली होती ती, पेपरात आलं होतं. म्हणून जेवणघरात बसून सराव केला. तिची ओळ तिला नको का मिळायला?”

मग कप खाली ठेवून, खूश होऊन म्हणाली, “तुझ्या बाबांना सांगितलं मी. म्हणाले, जमलं की तुला!”

पलीकडच्या खोलीत बातम्या सुरू झाल्या होत्या. मी उठून दार लावलं.