तू कोणाचो रे?

मंगळवार, संध्याकाळ

हसून हसून पोट दुखतंय अजून. मी बाजारात गेले होते, म्हणून होमस्टेचा फोन सासूबाईंनी घेतला. पलीकडचा म्हणे, बुकिंग कंपनीतून बोलतोय, पाहुण्यांच्या आधारकार्डांचे फोटो पाठवा. त्याच फोनमध्ये होते सगळे! मी असते तर पाठवले असते का? बहुतेक हो.

आईंनी आधी विचारलं, "तू कोणाचो रे? घर खंय तुझा?" तो कंपनीचंच नाव घेत राहिला. "ता ऱ्हवांदे, पण तू कोणाचो?" शेवटी कंटाळून त्यानेच फोन ठेवला. घरी आल्यावर हे ऐकून मी आईंना मिठीच मारली.

मग सहज विचारलं, "आणि त्याने गाव, बापाचं नाव सांगितलं असतं तर?"

"मगे पाठवूक काय हरकत? घरचोच झालो मा तो!"

सगळे फोटो पुसून टाकले. पुन्हा हसू आलं.