भाट्याची वाळू आणि आठ फुल्या

रत्नागिरी, १४ जानेवारी २०२६

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि हॉस्टेलात ओरडून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून पत्र. काल आमच्या भौतिकशास्त्राच्या बाईंनी बोलावलं होतं. सकाळी आठच्या प्रॅक्टिकलला माझ्या आठ गैरहजेऱ्या झाल्यात. आणखी दोन झाल्या तर परीक्षेला बसता येणार नाही. पळणं किंवा पदवी, काय ते एक ठरव म्हणाल्या.

मी रोज सहाला भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत पळायला लागते. पळण्याचा सराव घेणाऱ्या सरांनी आठ फेऱ्या नेमून दिल्यात. कधी त्या सातलाच संपतात, कधी पावणेआठ होतात. पाय असे का वागतात कळत नाही. बहुधा दोन्ही सांभाळण्यातली मी नाही. विद्यापीठाच्या शर्यतीतून नाव काढून घ्यावं म्हणते. रागावू नका.

आजीला नमस्कार. माया आहे तशीच ठेवा.

तुमची,
शमिका

पूर्णगड, १७ जानेवारी

चि. शमिकास,
अनेक आशीर्वाद.

रागावलो नाही, पण डोक्यात भुंगा लागलाय. रोज एकाच वेळी पळणाऱ्या मुलीचे पाय रोज वेगळे कसे? उशीर झाला त्या तारखा तेवढ्या लिहून पाठव. नाव काढायची घाई करू नकोस. आजी सुक्या कोलंबीचे सोडे पाठवत्येय, मैत्रिणींना दाखवून मग खा.

तुझा आजा,
महिपत

रत्नागिरी, २० जानेवारी

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

तारखा बाईंच्या वहीतून उतरवल्या: डिसेंबरच्या ११, १२, १३, २७ आणि २९, जानेवारीच्या ९, १० आणि १२. प्रत्येकीपुढे लाल फुली आहे. त्यांत तुम्हाला काय दिसणार, हे मलाही बघायचंय. सोडे दाखवले आणि संपले.

शमिका

पूर्णगड, २३ जानेवारी

चि. शमिकास,
अनेक आशीर्वाद.

तिथीचं कॅलेंडर काढ. तुझ्या सगळ्या फुल्या अष्टमीच्या आगेमागे आहेत. अष्टमीला सकाळी सहाला पूर्ण भरती. कडक वाळू पाण्याखाली, म्हणून तू वरच्या भुसभुशीत वाळूत पाय ओढतेस. अमावास्या-पुनवेला त्याच वेळी ओहोटी असते, मग सातलाच मोकळी. घड्याळ लावून समुद्रावर जातेस आणि स्वतःला होडी हाकणाऱ्या तांडेलाची नात म्हणवतेस!

अष्टमीच्या दिवसांना आम्ही भांग म्हणतो. तेव्हा पाण्याला ओढ नसते. आम्ही होडी ओढून ठेवतो आणि जाळी सांधत बसतो. तू तेव्हा पुस्तक घेऊन बस.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. उधाणाच्या दिवसांत बाबा मला होडीवर न्यायचे. मास्तरांना वाटायचं मी उनाडतो. सहावीत त्यांनी हजेरीतून नाव काढलं. मी उनाडच आहे, असं मलाही कितीतरी वर्षं वाटत होतं. त्याचं दुःख अजून जात नाही. तू तसं काही मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा आजा,
महिपत

रत्नागिरी, २८ फेब्रुवारी

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

तीन भांग गेले, एकही फुली नाही. त्या दिवसांत सकाळी अभ्यास करते आणि संध्याकाळी मैदानावर हलकंसं पळते. सर आधी कुरकुरले, पण शर्यतीत मी तिसरी आल्यावर गप्प झाले.

बाईंना तिथ्यांचा तक्ता दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि हे कुणी शोधलं म्हणून विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं, शिक्षणही लपवलं नाही. ११ मार्चला आमच्या वर्गाला भरती-ओहोटी शिकवायला तुम्ही याल का, असं त्यांनी विचारलंय. माझी फार इच्छा आहे. नाही म्हणू नका.

तुमचीच,
शमिका

पूर्णगड, ५ मार्च

चि. शमिकास,
अनेक आशीर्वाद.

शिमग्याच्या पालखीत नाचून गुडघे धरलेत, तरी येतो. अकराला अष्टमीच आहे, होडी किनाऱ्यालाच असेल. आजीने सदऱ्याला इस्त्री आतापासून करून ठेवलीय.

बाईंना माझी एक विनंती सांग. वर्ग सुरू होताना हजेरी घेतील, तेव्हा शेवटी माझंही नाव पुकारा म्हणावं. मला ऐकू येणार नाही. तू हात हलवून खूण कर, म्हणजे मी हजर म्हणेन.

तुझा आजा,
महिपत